मँटसाहेबांचा हिशेब

बडोद्याच्या मराठी माणसाला लक्ष्मीविलास राजवाडा कोणी बांधला असे विचारले, तर तो श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव घेईल. त्यात चूक काही नाही. पैसा राज्याचा, हुकूम राज्याचा. थोडाफार वाचणारा असेल तर चिझमसाहेबांचे नाव सांगेल. पण ज्या माणसाने त्या राजवाड्याची पहिली रेघ कागदावर ओढली, त्या मेजर चार्ल्स मँट यांचे नाव आमच्या गावात एका कहाणीपुरतेच उरले आहे, आणि ती कहाणीसुद्धा धड सांगितली जात नाही. पाहुण्यांना राजवाडा दाखवणारा कोणीतरी सांगतो, की साहेबाने इमारत उलट्या तोंडाची बांधली आणि चूक ध्यानात आल्यावर जीव दिला. ऐकणारे क्षणभर हळहळतात आणि पुढच्या दालनाकडे वळतात.

हीच कहाणी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाबद्दलही सांगतात. जी कहाणी कोणत्याही इमारतीला चालते, ती खरी धरण्यात अर्थ नाही. मँटसाहेबांविषयी जे लिहून ठेवलेले आहे ते निराळे आहे, आणि माझ्या मते अधिक भयंकर आहे. इमारतीचे तोंड कुठे आहे याची त्यांना चिंता नव्हती. त्यांच्या मनाने असे घेतले, की आपण ज्या ज्या राजवाड्यांचे आराखडे केले त्या साऱ्यांचे हिशेब चुकले आहेत, आणि ते सगळे एक ना एक दिवस कोसळणार. त्या भीतीने त्यांची बुद्धी गेली, आणि १८८१ साली, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते वारले. बडोद्याचा राजवाडा तेव्हा धड उभाही राहिला नव्हता.

मी इंजिनिअर नव्हे. माझे वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यातल्या शेवटच्या पिढीतले तबलजी. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा, आणि आज मुलांना सूर-ताल शिकवून प्रपंच चालवतो. मँटसाहेबांच्या वाटेला मी गेलो तो घरच्याच कारणाने. आमचा जुना वाडा उतरवून त्या जागी नवे घर बांधायचे ठरले, आणि भावकीत बैठका सुरू झाल्या. फरशी कोणती, दर्शनी भाग कसा, मोटारी कुठे लावायच्या, देवघर कोणत्या दिशेला, ह्यावर रात्र रात्र चर्चा झाली. जमिनीत काय आहे, हे मात्र कोणी विचारीना. आमच्याच गल्लीच्या टोकाला एका ओळखीच्या कुटुंबाचे नवे घर तीन पावसाळ्यांत तडकले. खिडकीच्या कोपऱ्यापासून जिन्याच्या पायऱ्यांसारखी भेग निघाली ती थेट जोत्यापर्यंत गेली. ठेकेदार येऊन गिलावा करून गेला. पुढच्या उन्हाळ्यात भेग त्याच जागी पुन्हा हजर. त्या घरातल्या आजीबाई रात्री भिंतीकडे पाहत पडतात, त्यांना झोप येत नाही, असे कळले तेव्हा मला मँटसाहेबांची आठवण झाली, आणि त्यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो.

त्यांचा जन्म १८३९चा. विशीच्या सुमारास ते मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर पथकात दाखल झाले. सत्तावन सालच्या उठावानंतर कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले होते, आणि १८६२ मध्ये हे पथक रॉयल इंजिनिअर्समध्ये सामील झाले. ह्या लष्करी इंजिनिअरांची त्या काळी मोठी मजा होती. खंदक, तटबंदी, तात्पुरते पूल ह्या गोष्टी शिकून माणूस इकडे यावा आणि सरकारने त्याच्याकडून कचेरी, शाळा, इस्पितळ, देऊळ सोडून सगळे काही बांधून घ्यावे. इमारतींचे सौंदर्य हा विषय ज्याचा त्याने वाचून-पाहून शिकायचा. मँटसाहेबांना ती गोडी उपजत असावी. सुरतेचे हायस्कूल हे त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी. तापीकाठची काळी माती त्यांच्या पायाखाली पहिल्यांदा आली ती तेथे.

मग कोल्हापूर. कोल्हापूरचा टाऊन हॉल, जेथे आज वस्तुसंग्रहालय आहे, तो त्यांनी विलायती गॉथिक धाटणीवर बांधला. तो १८७६च्या सुमारास पुरा झाला. ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, उतरती छपरे, टोकदार कमानी. करवीरच्या मातीत इंग्लंडातले एखादे गाव उगवावे तसा. तेथले आल्बर्ट एडवर्ड इस्पितळही, जे आज छत्रपती प्रमिलाराजे ह्यांच्या नावाने ओळखले जाते, त्यांचेच. पण त्यांच्या हाताचे वळण बदलले ते एका दुःखद प्रसंगानंतर. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली विलायतेची सफर करून परतत असताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबरला वारले. वय अवघे वीस. आर्नो नदीच्या काठी, दुसरी एक लहान नदी तिला मिळते त्या संगमावर, हिंदू विधीप्रमाणे त्यांना अग्नी देण्यात आला. त्या जागी १८७४ मध्ये स्मारक झाले. आतला अर्धपुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, आणि वरची छत्री मँटसाहेबांची. खांब, छज्जे, घुमट, सगळे आपल्याकडचे. परक्या देशात गेलेल्या पोरसवदा राजाच्या डोक्यावर निदान सावली तरी घरची असावी, असा विचार एका गोऱ्या कप्तानाला सुचला, ही गोष्ट मला त्यांच्या साऱ्या राजवाड्यांपेक्षा मोठी वाटते. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला आजही हिंदी माणसाच्या नावाने ओळखतात आणि जवळच्या नव्या पुलालाही त्यांनी तेच नाव दिले आहे.

तेथून पुढे मँटसाहेबांनी गॉथिकचा नाद कमी केला. ह्या देशात बांधायचे तर इथल्या कमानी, छत्र्या, झरोके, महिरपी समजून घेऊन बांधावे, आणि विलायतेचे शास्त्र आतून वापरावे, असा त्यांचा मार्ग झाला. पुढे ह्याच पद्धतीला इंडो-सारासेनिक असे भारदस्त नाव मिळाले. अजमेरचे मेयो कॉलेज, कोल्हापूरचा नवा राजवाडा, आमचा लक्ष्मीविलास, ही त्याच वळणाची कामे. कोल्हापूरचा राजवाडा १८७७ ते १८८४ ह्या काळात काळ्या घडीव दगडात उभा राहिला. आमच्या राजवाड्याचे काम त्यांच्याकडे आले ते १८७८ मध्ये. शिवाय बिहारात दरभंगा आणि तिकडे कुचबिहार, ह्या दोन राज्यांच्या राजवाड्यांचे कामही त्यांच्या टेबलावर होते.

वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हे सगळे राजे त्या वेळी पोरे होती. सयाजीराव महाराज आणि कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज दोघेही १८६३ साली जन्मलेले; कुचबिहारचे नृपेंद्रनारायण १८६२चे; दरभंग्याचे लक्ष्मीश्वरसिंह त्यातले वडील, १८५८चे, आणि त्यांच्या हाती कारभार आला तो १८७९ मध्ये. म्हणजे घर ज्याचे, तो धनी एक तर अज्ञान, नाही तर कारभाराला अगदी नवा. हुकूम देणारे एजंट, दिवाण आणि पालक. आपल्याकडे घर बांधताना घरधनी रोज सकाळी काठी टेकत जागेवर येतो, गवंड्याशी भांडतो, चुना कमी का पडला म्हणून विचारतो. हे भांडण इमारतीला फार हितकारक असते. मँटसाहेबांशी भांडणारा कोणी नव्हता. जे काही चूक-बरोबर ठरवायचे ते त्यांनी एकट्याने, आणि ते छप्पर पडले तर खाली सापडणार ते ह्या मुलांपैकी कोणीतरी. हा विचार त्यांच्या मनात आला होता की नाही हे मी कसे सांगू? पण मला तो टाळता येत नाही.

आणि काळही असा होता. २८ डिसेंबर १८७९च्या रात्री स्कॉटलंडातला टे नदीवरचा नवाकोरा रेल्वेपूल वादळात कोसळला आणि गाडीसकट पाऊणशे माणसे पाण्यात गेली. चौकशी बसली. पुलाचा इंजिनिअर टॉमस बाउच ह्याच्यावर आराखडा, बांधणी आणि देखभाल अशा तिन्हींचा दोष ठेवण्यात आला. १८८०च्या ऑक्टोबरात तो खचून मेला. वाऱ्याचा जोर पुरेसा धरला नव्हता, हे त्या चौकशीत निघाले. जगभरच्या इंजिनिअर मंडळींनी ह्या बातमीनंतर आपापली जुनी कागदपत्रे पुन्हा एकदा उघडून पाहिली असतील. मँटसाहेबांचे मन ह्याच बातमीने फिरले असा माझा दावा नाही. पण राजवाडे डोक्यावर घेऊन बसलेल्या माणसाच्या घरात ते वर्तमानपत्र त्या वर्षी येत होते एवढे खरे.

आता प्रश्न असा, की त्यांची भीती खरी होती का? राजवाडा पडला नाही, म्हणून ती खोटी, इतके म्हणून मोकळे होता येत नाही. ह्यासाठी मी एका निवृत्त बांधकाम-इंजिनिअरांच्या घरी तीन संध्याकाळी जाऊन बसलो. त्यांच्या नातीला मी शिकवतो. त्यांनी मला जे समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो.

साठ फूट उंचीची दगडी भिंत घ्या. तिच्या तळाच्या दगडावर वरच्या सगळ्या दगडांचे वजन येते. ते दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाच किलो भरते. मजल्यांचे आणि छपराचे ओझे मिळवून दुप्पट धरा, दहा किलो झाले. चांगला काळा फत्तर दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोंच्या दाबाखालीही चुरत नाही. चुन्याचा सांधा दगडापेक्षा पुष्कळ नरम, तरी त्यालाही हे ओझे जड नाही. म्हणजे जुन्या पद्धतीच्या जाड भिंतींच्या इमारतीत दगड चिरडून इमारत बसेल ही भीती बाळगण्याचे कारणच नसते. आकडेमोडीत दुपटीची चूक झाली तरी दगड हूं की चूं करीत नाही. मँटसाहेब ज्या आकड्यांना भ्याले, ते ह्या जातीचे असतील तर त्यांची भीती वृथा होती.

पण इमारत दगडात संपत नाही, ती जमिनीवर टेकते. दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो म्हणजे दर चौरस मीटरला पन्नास टन. आणि आपली काळी चिकण माती दर चौरस मीटरला दहा-पंधरा टनांपलीकडे ओझे सोसत नाही. म्हणून भिंत जमिनीखाली उतरताना पायऱ्या-पायऱ्यांनी रुंद करीत न्यावी लागते, तीनपट, चौपट. कोल्हापुरात हात-दोन हात खणले की मुरूम लागतो, खाली कातळ असतो. तेथे पाया चुकवणेच कठीण. बडोद्याला जवळपास दगड नाही. राजवाड्याला तांबडा दगड आग्र्याहून आणि निळसर काळा पुण्याकडून आणावा लागला, ह्यावरूनच काय ते समजा. आपल्या खाली नदीने आणून टाकलेला गाळ आणि काळी माती.

ही काळी माती म्हणजे मोठी लहरी बाई. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आक्रसते. वैशाखात शेतात पडणाऱ्या भेगा आपण पाहतो, त्यात काठी घातली तर हातभर सहज जाते. घराचा पाया ह्या वरच्या थरात ठेवला तर दरवर्षी घर थोडे उचलले जाते आणि थोडे खाली बसते. सगळे एकसारखे वर-खाली झाले तर बिघडत नाही. पण न्हाणीघराकडची माती सदा ओली, ओसरीकडची कोरडी, परसात वडाचे किंवा निंबाचे झाड मुळांनी पाणी शोषणारे. एक कोपरा वर, दुसरा खाली. मग ती जिन्यासारखी भेग. तिच्यावर गिलावा करणे म्हणजे बिघडलेल्या तंबोऱ्याला रंग देणे. उपाय खाली आहे. माती फुगते-आक्रसते त्या थराच्या खाली पाया न्यावा, नाही तर रुडकीच्या संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी जे खांब बसवले, तळाशी फुगीर भोपळ्यासारखे, साधारण साडेतीन मीटर खोल जाणारे, ते घालावेत. घराभोवती फरसबंद पट्टा करून पावसाचे पाणी दूर न्यावे. सांडपाण्याचा नळ पायाजवळ गळू देऊ नये. जुन्या घराला नवी खोली जोडायची तर दोघांमध्ये मोकळा सांधा सोडावा, कारण जुने बसून झालेले असते आणि नवे अजून बसायचे असते. आणि हे सगळे ठरवण्याआधी जागेवर दोन-तीन ठिकाणी खोल भोके पाडून माती तपासून घ्यावी. त्याला येणारा खर्च दर्शनी दरवाजाच्या खर्चापेक्षा कमी असतो.

दुसरी गोष्ट कमानीची. कमान सरळ खाली ओझे देत नाही, ती दोन्ही बाजूंना ढकलते. मधल्या कमानी एकमेकींना धरून राहतात. शेवटच्या कमानीला धरायला शेजारीण नसते, तेथे भिंत जाड हवी किंवा बुरूज हवा. हा हिशेब वजनाचा नसून आकाराचा आहे. आकार बरोबर असेल तर कमान शतकानुशतके उभी राहते, चुकला तर हवा तेवढा मजबूत दगड घालूनही उपयोग नाही. हे प्रमाण आपले जुने पाथरवट आणि मिस्त्री पिढ्यानपिढ्या हातानेच ओळखत. मँटसाहेबांनी जुन्या इमारतींवरून रेघा उचलल्या, तेव्हा त्यांना नकळत हे प्रमाणही बरोबर आले. ज्या आकारांचे हिशेब त्यांना छळत होते, ते आकार कित्येक ठिकाणी आधीच तपासले गेले होते. ती परीक्षा कागदावर झाली नव्हती, घुमटाखाली पाच-सहाशे पावसाळे काढून झाली होती.

आमच्या धंद्यात असे होते. मात्रा मोजणे शिकावेच लागते. पण बैठकीत बसल्यावर जो तबलजी समेच्या धास्तीने मनात एक-दोन-तीन म्हणू लागतो, त्याची सम हमखास जाते. वडील म्हणत असत तसे काही मी येथे सांगत नाही, कोणत्याही उस्तादाला विचारा. अशा वेळी शेजारी बसलेल्या सारंगियाने नुसती मान हलवून दाखवली तरी गाडी रुळावर येते. मँटसाहेबांना ती मान हलवणारा कोणी भेटला नाही. त्यांचे हिशेब दुसऱ्या एखाद्या शहाण्याने निवांत बसून एकदा तपासले असते तर? आज नगरपालिका नकाशा मागते, त्यावर इंजिनिअरची सही मागते. आपण ती सही म्हणजे सरकारी कटकट समजतो आणि कोणाकडून तरी मिळवून मोकळे होतो. ज्याने सही केली त्याने पाया पाहिलाही नसतो. तपासणारा डोळा दुसऱ्याचा असावा, ठेकेदाराच्या पैशावर न चालणारा असावा, एवढे तरी त्या अभागी साहेबाच्या आयुष्यावरून मला पटले.

ग्वाल्हेरचे आमचे नातेवाईक ह्यावर जयविलासाची गोष्ट सांगतात. तो राजवाडा १८७४चा, मायकेल फिलोज ह्यांच्या हातचा. दरबार हॉलमध्ये प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरे टांगायची होती. छत ते ओझे घेईल की नाही अशी शंका आली, तेव्हा म्हणे उतार बांधून छतावर हत्ती चढवले आणि फिरवून पाहिले. हत्तींचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, तो मी देत नाही. पण शंका येणे आणि तिची अशी रोखठोक परीक्षा घेणे, ही रीत मला आवडते. फिलोजसाहेबांनी शंका छतावर चढवली. मँटसाहेबांनी ती डोक्यात ठेवून घेतली.

मँटसाहेब गेल्यावर बडोद्याचे काम रॉबर्ट फेलोज चिझम ह्यांच्याकडे आले. मद्रासचे सेनेट हाऊस आणि त्रिवेंद्रमचे नेपियर म्युझियम बांधून त्यांचा हात तयार झाला होता. स्वभावाने हे गृहस्थ निराळे असावेत. बडोदा कॉलेजचा, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या कला शाखेचा, जो प्रचंड घुमट आहे तो त्यांचा. त्यासाठी त्यांनी विजापूरच्या गोलघुमटाचा अभ्यास केला. घुमट बाहेर फाकू पाहतो; गोलघुमटाच्या कारागिरांनी खाली एकमेकींना छेदणाऱ्या कमानी घालून आतल्या बाजूला इतके वजन टांगले, की त्याने घुमटाचा बाहेरचा रेटा सावरून धरला. चिझमसाहेबांनी हे तत्त्व समजून घेतले, वापरले, आणि पुढे लंडनच्या वास्तुविशारदांच्या संस्थेपुढे ह्या विषयावर निबंधही वाचला. आपले काम दहा जाणत्या माणसांसमोर मांडायचे, त्यांनी प्रश्न विचारायचे. असा माणूस बहुधा रात्री झोपत असावा.

राजवाड्याचे बांधकाम त्यांनी मँटसाहेबांच्याच आराखड्यावर पुढे नेले. सारे काही पाडून नव्याने मांडावे असे त्यांना वाटले नाही. एका अनुभवी माणसाने दुसऱ्याच्या हिशेबाला दिलेला हा निर्वाळाच म्हणायचा. फक्त ज्याला तो ऐकायचा होता तो ऐकायला राहिला नव्हता. त्याच १८८१ साली, २८ डिसेंबरला, सयाजीराव महाराजांच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली. राजवाडा पुरा झाला १८९० मध्ये. म्हणजे आरंभापासून बारा वर्षे लागली. ह्या दिरंगाईचाही इमारतीला फायदा झाला. चुना सावकाश घट्ट होतो, आणि ओझे हळूहळू चढले की खालची जमीनही हळूहळू बसते, भिंतींना सावरायला वेळ मिळतो. आज सात-आठ महिन्यांत तीन मजले उभे करतात; सिमेंट ताठ, त्याला पुरते पाणी पाजायलाही कोणी थांबत नाही.

ज्यांच्या नावावरून राजवाड्याला लक्ष्मीविलास म्हणतात, त्या तंजावरच्या लक्ष्मीबाई, बडोद्याच्या पहिल्या चिमणाबाई महाराणी, १८८५ सालीच वारल्या. त्यांना तेथे राहता आले नाही. त्यांच्याबरोबर तंजावरहून आलेले नर्तकी आणि वादकांचे पथक मात्र बडोद्यात रुजले. दरबार हॉलमध्ये वाजवणे सोपे नसे, असे घरी ऐकत आलो आहे. मध्ये एकही खांब नाही, खाली व्हेनिसच्या धर्तीची मोझेइकची जमीन, वर उंच छत. बोल वाजला की तो लवकर विझत नाही, पुढच्या बोलावर येऊन बसतो. म्हणून तेथे वादक लय थोडी उतरवून घेत. एवढी मोकळी जागा खांबावाचून आच्छादायची हे काम ज्याने कागदावर मांडले, त्याला त्याचे ओझे वाटले असेल तर नवल नाही.

आता त्यांच्या बाकीच्या इमारतींचे काय झाले तेही सांगायला हवे. मेयो कॉलेजची मुख्य इमारत १८८५ मध्ये खुली झाली आणि तिच्यात आजही शाळा भरते. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज, ज्यांच्या कारकिर्दीत नवा राजवाडा सुरू झाला, त्यांनाही वेडे ठरवण्यात आले आणि १८८३ साली अहमदनगरला बंदिवासात त्यांचा मृत्यू झाला; राजवाडा पुढल्या वर्षी पुरा झाला. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोल्हापूर हादरले, राजवाडा उभाच राहिला. कुचबिहारचा राजवाडा मँटसाहेबांच्या मागे, १८८७ मध्ये तयार झाला आणि १८९७च्या आसामच्या महाभूकंपात त्याचा वरचा मजला गेला. दरभंग्याचा महाल १५ जानेवारी १९३४च्या बिहार-नेपाळ भूकंपात मोडकळीला आला. ती दोन्ही ठिकाणे अशा पट्ट्यात आहेत, की तेथे धरणीच हलली तर १८८० सालच्या कोणत्याही इंजिनिअरला त्याचा हिशेब ठाऊक नव्हता. तो आज ठाऊक आहे.

ठाऊक असून काय होते ते आपण २६ जानेवारी २००१ला पाहिले. सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हलला, आणि तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत उंच इमारती खाली बसल्या. त्यांतल्या पुष्कळ इमारतींचा तळमजला मोटारींसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर तोललेला, आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. वरचे ताठ आणि खालचे लुळे. हलल्याबरोबर खांब मोडले. आमच्या घराच्या नकाशात असाच तळमजला होता. आता त्यात दोन बाजूंना भिंती आल्या आहेत आणि मोटारीची जागा एकाची झाली आहे, ह्यावरून धाकटे चुलतभाऊ माझ्याशी नीट बोलत नाहीत. लक्ष्मीविलास त्या सकाळी जागच्या जागी होता.